शुक्रवारी पाचच्या आत

मी भांडायलाच गेले होते, पण वॉर्ड ऑफिसच्या खिडकीत नवा चेहरा दिसला आणि क्षणभर भांडणच विसरले. क्षणभरच हं!

"अर्ज कशाबद्दल, मॅडम?"

"अभ्यासिकेबद्दल. बांधून दोन वर्षं झाली, अजून कुलूप! नेत्यांना फीत कापायला वेळ नाही, आणि आम्ही जिन्यात बसून वाचतोय."

त्याने शिक्का मारला, सही केली. सुयोग परब. "ही पोच जपून ठेवा," तो हळूच म्हणाला.

आमच्या मुलुंडच्या घरात एका खोलीत सहा माणसं, आणि माझी परीक्षा सहा महिन्यांवर. मग दर सोमवारी नवा अर्ज आणि नवं भांडण. मी बोलायची, तो हसत शिक्का मारायचा. एकदा आरशात पाहिलं तर काय... मी भांडायला झुमके घालून निघाले होते!

नवव्या अर्जाला तो हसला नाही.

"संघमित्रा, आता हायकोर्टात जा. तुम्ही मागणी केलीत, ऑफिसने उत्तर दिलं नाही, आणि या पोचपावत्या पुरावा आहेत. ऑर्डर आली की साहेबांना उघडावंच लागेल."

"तुमच्याच ऑफिसविरुद्ध?"

"अर्ज घ्यायची नोकरी आहे माझी. गिळायची नाही."

कोर्टाने नऊ पोचपावत्या पाहिल्या आणि आदेश दिला — शुक्रवारी पाचच्या आत अभ्यासिका उघडा. साहेबांनी पावत्यांवरची सही पाहिली आणि सोमवारपासून सुयोगची बदली बोरिवलीला केली. मी जिंकले होते, तरी रात्री पावत्यांवरची त्याची सहीच पाहत बसले.

शुक्रवारी साडेचारला किल्ली घेऊन तोच आला. कुलूप गंजलेलं! शेजारच्या प्रेमाताईंनी खोबरेल आणून दिलं. पाचला पाच मिनिटं कमी असताना दार उघडलं, पोरं दप्तरं घेऊन आत घुसली, आणि पाहता पाहता सगळं चिडीचूप.

"संघमित्रा, मला एक —"

"शूऽऽ!" आतून चार मुली एकदम.

आम्ही बाहेर पायरीवर आलो.

"माझ्यामुळे बदली झाली ना रे?" पहिल्यांदाच 'रे' म्हणाले मी.

"होऊ दे गं. पहिल्यांदा वाटलं, आपण नोकरीत काहीतरी केलं. फक्त..." तो किल्लीशी चाळा करत राहिला. "सोमवारी तू दिसणार नाहीस."

"बोरिवली काय परदेशात आहे? मला अभ्यास आहे, तू ये." माझे कान तापले होते, पण थांबले नाही. "मला आवडतोस तू, सुयोग. आता तुझं काय ते बोल."

"मलाही तू आवडतेस. खूप." तो कानापर्यंत लाल झाला. "पास हो. नाही झालीस तरी येणार मी."

मी आत गेले. ज्या खुर्चीसाठी हायकोर्ट गाठलं होतं, तिच्यात बसले, पुस्तक उघडलं... आणि सातपर्यंत एक ओळसुद्धा वाचली नाही.