बरोबर चालणारं घड्याळ

नव्या वर्षाच्या सकाळी देब्रे मार्कोसमधल्या मुली पिवळी फुलं घेऊन दारोदार गात हिंडत होत्या. सोल्याना मात्र गाशे, म्हणजे काका, ताफेसेंच्या इंटरनेट कॅफेत एका कोऱ्या पानाकडे टक लावून बसली होती.

तिची आई बैरूतमध्ये परक्यांचं घर सांभाळायची. मालकीणबाई आज तासभर बाहेर जाणार होत्या. तेवढ्यात आई संगणकाच्या पडद्यावर भेटणार होती. पुन्हा कधी, ते मालकीणबाईच जाणोत.

भेटीची साइट सरकारनं आठवडाभर बंद ठेवली होती, पण गावात कुणी त्याचं मनावर घेतलं नव्हतं. सगळे बोगद्यातून जायचे. म्हणजे आपली मागणी कुलूपबंद करून परदेशातल्या एका सर्व्हरकडे धाडायची आणि पान त्याच्याकरवी मागवायचं. आज बोगद्याचं चिन्ह हिरवंगार होतं, पण पान एकही येत नव्हतं.

गाशे ताफेसेंनी पावसाला दोष दिला, राउटरला चापट मारली, सुट्टीतली पोरं नको ते गेम टाकतात असा निकाल दिला आणि ते चहा टाकायला गेले.

"केबल भिजली असती तर काहीच उघडलं नसतं," तिचा मावसभाऊ यारेद म्हणाला. त्यानं बोगदा बंद केला. हवामानाचं पान झटक्यात आलं. बोगदा चालू केला, पुन्हा कोरं.

शेजारच्या टेबलावर मात्र बँकेतले एक कारकून त्याच वाय-फायवर, त्याच बोगद्यातून, तीच बंद साइट फोनवर बघून खुदुखुदु हसत होते. सोल्यानानं फोन मागताच त्यांची बॅटरी संपत आली आणि ते उठले.

तेव्हा यारेदची धाकटी बहीण फेवेन फुलं घेऊन दारात उभी राहिली आणि गाऊ लागली. नव्या वर्षाचं गाणं अर्धवट सोडून जाणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. फेवेननं एकही कडवं गाळलं नाही. दोन तर तिनं जागेवरच रचली.

कारकून फोन हातात धरून ताटकळले. सोल्यानानं तेवढ्यात त्यांच्या कोपरापाशी उभं राहून फोन आणि संगणक ताडून पाहिले. सर्व्हर तोच, परवलीचा शब्द तोच. मग तिची नजर कोपऱ्यात गेली. फोनवर दहा वाजले होते, संगणकावर चार.

"एकच की गं ते," कारकून म्हणाले. "दहा परक्यांचे, चार आपले."

तेही खरंच होतं. या देशात तास दिवस उजाडल्यापासून मोजतात, त्या हिशेबानं चारच वाजले होते. भिंतीवरचं घड्याळही चारच दाखवत होतं, म्हणून तर सकाळपासून कुणाला काही खटकलं नव्हतं.

"गाशे, हे घड्याळ कुणी लावलं?"

वीज गेली की जुना संगणक वेळ विसरायचा. आज सकाळी ताफेसेंनी ती भिंतीवर बघून लावली होती. मेला इंटरनेटवरून वेळ उचलून पुन्हा पुन्हा परक्यांच्या वेळेवर जायचा, म्हणून त्याची ती खोडही त्यांनी बंद करून टाकली होती. "माझ्या दुकानात माझी वेळ," ते अभिमानानं म्हणाले.

"पण पलीकडच्या सर्व्हरला हे कुठं ठाऊक?" सोल्याना म्हणाली. "तो कुलूप कधी लावलं ते बघतो. आपली मागणी त्याला सहा तास शिळी दिसते. कुणी जुनी चोरून पुन्हा धाडतंय असं समजून तो गप्प बसतो. हिरव्या चिन्हाला काय, ते पलीकडे न विचारता आपल्याच संगणकात पेटतं."

यारेदनं चाराचे दहा केले. गाशे ताफेसेंनी तोंड फिरवलं. पान उघडलं आणि त्यात आई होती.

फुलं आणली का, केस कुणी विंचरले, असं आई विचारत सुटली. शेवटी दाराकडे नजर टाकून म्हणाली, "किती वाजले गं तिकडे?"

सोल्यानानं पडद्याच्या कोपऱ्यातल्या दहाकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"चार, आई."

"चार," आई म्हणाली आणि हसली. कितीतरी दिवसांत तिला कुणी आपली वेळ सांगितली नव्हती.

गाशे ताफेसेंनी तिघांना चहा आणि पावाचा मोठा तुकडा दिला. "पोरीचं डोकं आहे," असं ते कारकुनांना म्हणाले, सोल्यानाला ऐकू जाईल इतक्या हळू. संध्याकाळी भिंतीवर दुसरं घड्याळ लागलं, पहिल्यापेक्षा बरंच लहान. ते संगणकासाठी होतं.