चार नंबरचा हँडसेट

दिवाकर कामणच्या गोदामात पोचला तेव्हा दुपार कलली होती. काम साधंच होतं. ऑफिसच्या फोनला नवे कॉर्डलेस हँडसेट जोडायचे, आलेला कॉल कोणत्या बटणाने पुढे द्यायचा ते बसवायचं आणि निर्मळला घरी परतायचं. हे काम त्याने दुसऱ्या कुणावर सोपवलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. फोन घेणारी त्याची हेमाली याच टेबलाशी बसायची. उन्हाळ्यात याच गेटबाहेर ट्रकने तिला उडवलं. पण बापाचं मन मोठं चमत्कारिक. निदान तिची खुर्ची तरी डोळ्यांना दिसेल, म्हणून स्वारी स्वतःच आली होती.

खुर्चीवर आता प्रिस्का होती. पोर भली. तिने न विचारता चहा मागवला आणि मान खाली घालून बसून राहिली.

पाच हँडसेट निमूट जोडले गेले. सहावा काही केल्या लागेना. फोनच्या मूळ यंत्रात सहा हँडसेटचीच सोय, आणि चौथी जागा अडलेली.

"चार नंबर हेमालीचा होता, अंकल," प्रिस्का हळूच म्हणाली. "हरवला ना तो?"

हरवला नव्हता. हँडसेट खिशात टाकून तशीच घरी यायची हेमालीची खोड होती. त्या दिवशीही तो तिच्या खिशातच सापडला. आगीत बॅटरी फुटते हे दिवाकरच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याने बॅटरी काढून घेतली आणि रिकामा हँडसेट चितेवर तिच्या हाताशी ठेवला. पोरीला सवय होती त्याची.

यंत्राच्या पडद्यावर मात्र चार नंबरपुढे खूण होती... चालू.

यंत्र बिघडलंय, दुसरं काय, असं मनाशी म्हणत त्याने हँडसेट शोधायचं बटण दाबलं. ते दाबलं की जोडलेले सगळे हँडसेट एकदम वाजतात. टेबलावरचे पाचही वाजू लागले. त्याने ते एकेक करून बंद केले.

"अंकल... अजून एक वाजतोय."

आवाज बाहेरून येत होता, गेटच्या बाजूने. मग कुणीतरी उचलावा तसा तो मध्येच तुटला, आणि दिवाकरच्या हातातला हँडसेट वाजला. चार नंबरवरून. त्याने तो कानाला लावला. नुसता वारा. जळक्या प्लास्टिकचा वास नाकात शिरला.

"बाबा..."

त्याने हँडसेट कानाशी घट्ट दाबला. "हेमा? कुठे आहेस गं?"

"गेटपाशी. पुढे जाताच येत नाही मला... रोज जाऊन बघते, बाबा. रेंज संपते."

प्रिस्काने ओठांतल्या ओठांत प्रार्थना सुरू केली. दिवाकर पडद्याकडे बघत राहिला. चार नंबर काढून टाकला की ती सुटेल, आणि पुन्हा हा आवाज कधी ऐकू येणार नाही. दोन्ही गोष्टी त्याला लख्ख कळत होत्या.

"थांब हां, बाळा. सोडवतो तुला. मी आलो की स्कूटरवर मागे बस, आपण घरी जाऊ. आई वाट बघतेय."

त्याने चार नंबर काढायचं बटण दाबलं. चौथी जागा रिकामी झाली आणि सहावा हँडसेट तिथे मुकाट जाऊन बसला. दिवाकर दोन्ही हातांत तोंड लपवून रडला.

गेटशी त्याने स्कूटर थांबवली आणि मागच्या सीटवरची धूळ हाताने पुसली. वॉचमन नवा होता, हेमालीला त्याने कधी पाहिलेलंही नव्हतं.

"कोणाची वाट बघताय, काका?"

"मुलीची."

"आत्ताच गेली ती ताई? जळका फोन होता तिच्या हातात. मी हाकही मारली. तिने वळूनसुद्धा बघितलं नाही."

"कुठे... कुठे गेली?"

वॉचमनने भिवंडीच्या दिशेला हात केला. निर्मळचा रस्ता बरोबर उलट्या बाजूला होता.

"एकटी नव्हती, काका. कोणीतरी हात धरून नेत होतं तिला."