दर ऐंशी पावलांवर

लुंदेरा बेटावर दर ऐंशी पावलांवर एक बाक आहे. धक्क्यावर उतरलं की पहिला, मासळीबाजाराच्या तोंडाशी दुसरा, आणि तिथून पुढे चढ असो की उतार, बाक काही तुमची साथ सोडत नाहीत. प्रत्येकाची पाठ वाऱ्याकडे केलेली, आणि उठताना धरायला उजव्या हाताला एक लाकडी दांडा.

ओवी ठवकर बोटीतून उतरली तेव्हा तिने हे बाक नुसते पाहिले. तिसऱ्या बाकापाशी तिला शंका आली. सहाव्यापासून ती पावलं मोजायला लागली. ऐंशी. पुन्हा ऐंशी. मग भर रस्त्यात थांबून ती हसली. ऐंशी पावलं झाली की गुडघा धरून "थांब बाई जरा" म्हणणारं एकच माणूस तिला माहीत होतं, आणि ते माणूस जाऊन तीन वर्षं झाली होती.

चढाच्या मध्यावर चहाची टपरी होती. पाटीवर 'उकळलेला चहा' असं अकरा भाषांत लिहिलं होतं, त्यात मराठीही होती. म्हातारा टपरीवाला त्याच्या भाषेत बोलायचा आणि ओवीच्या कानातलं दुभाषी यंत्र ते मराठीत सांगायचं.

"आधी अर्धा देऊ ना?"

"अर्धा काहून?"

"मग पुन्हा अर्धा. म्हणजे दुसराही गरम मिळतो. पूर्वी आम्ही भला मोठा पेला भरून द्यायचो, तळाशी गार व्हायचा. मोजणी कचेरीने शिकवलं आम्हाला."

ओवीने पहिला अर्धा घेतला. आलं ठेचून घातलं होतं, किसून नव्हे. तिने दुसरा अर्धा घेतला, आणि मग कसलाही हिशेब न करता तिसराही घेतला.

तिला इथे बोलावलं होतं ते मोजणी कचेरीच्या एका पत्राने. "आपल्या आई प्रणिता ठवकर यांचा प्रवास अद्याप पूर्ण झालेला नाही. वारस म्हणून आपण समक्ष यावे." माणूस गेल्याचं कचेऱ्यांना उशिरा कळतं, हे यवतमाळात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाईला नवीन नव्हतं. तिने मृत्यूच्या दाखल्याची प्रत पाठवली. उलट टपाली बोटीचं तिकीट आलं. "फुकट आहे तर जाऊन ये," नवरा, अमोघ, म्हणाला, आणि ती आली.

आईचा आणि या मोजणीचा संबंध काय, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. राखेची तीन वर्षं आता तरण्या पिढीला ऐकूनच माहीत आहेत. ज्वालामुखीची राख आकाशात पसरली, विमानं बसून राहिली, आणि पाहुण्यांवर जगणारी गावं ओस पडली. आकाश मोकळं झाल्यावर प्रत्येक देश सांगू लागला, आमच्याकडे पर्यटक परत आले. कोणी विमान बदलायला तासभर उतरलेली माणसंही मोजली, कोणी स्वतःचेच नागरिक. आकडे फुगले आणि गावं उपाशीच राहिली. तेव्हा प्रवासनोंद मंडळाने डोकी मोजणं सोडलं आणि आपल्या आज्यांची रीत धरली. भात शिजला की नाही हे पाहायला कोणी पातेलं उपसत नाही, एक शीत दाबून बघतात. मंडळाने जगभरातून बारा हजार माणसं निवडली. त्यांना मराठी कागदपत्रांत 'शीत' असंच म्हणत. शिताने अंगावर चाल आणि थकवा मोजणारी एक गुंडी लावायची, मंडळाच्या खर्चाने हिंडायचं आणि रोज संध्याकाळी सात प्रश्नांची उत्तरं द्यायची. प्रत्येक शीत आपल्यासारख्या हजारो माणसांच्या वतीने चालायचं, दमायचं आणि कुरकुरायचं.

प्रणिता ठवकर एसटीच्या स्थानकावर नियंत्रक होती. तेहतीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या गाड्या सुटल्याचं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं. निवृत्तीनंतर एकसष्टाव्या वर्षी ती शीत झाली. जिवंतपणी तिने सात देश पाहिले आणि सातही देशांना नावं ठेवली.

मंडळाची मोजणी कचेरी चढाच्या टोकाला होती. तिथल्या संख्याशास्त्रज्ञ डॉ. निखत तांबोळी मूळच्या मिरजेच्या. त्या दारापर्यंत सामोऱ्या आल्या.

"बसत बसत आलात ना?"

"मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, डॉक्टर."

"मी एकोणचाळीस. तरी मी प्रत्येक बाकावर बसते. सवय लावलीय तुमच्या आईने."

ओवी म्हणाली, "आई इथे एकदाच आली होती. चार दिवस. तेव्हा एकही बाक नव्हता, त्यावरून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. मग हे बाक कधीचे?"

"धक्क्यावरचे दोन वर्षांपूर्वीचे. त्यांची पाठ वाऱ्याकडे फिरवली ती गेल्या वर्षी. त्यांनीच सांगितलं."

"गेल्या वर्षी?"

तांबोळींनी टेबलावर बोटाने ठिपके काढल्यासारखं केलं. "ठिपक्यांची रांगोळी काढता ना? त्यातला एक ठिपका पुसला गेला, तर तो कुठे होता हे तुम्हाला सांगावं लागतं का? आजूबाजूच्या ठिपक्यांवरून कळतं, तुम्ही तो परत ठेवता. शीत गेलं आणि त्याच्या जागी तसं दुसरं मिळालं नाही, तर आम्हीही तेच करतो. त्याला म्हणतात पूरक शीत. आईंची नऊ वर्षांची चाल, थांबे, उत्तरं आमच्याकडे आहेत. रोज सकाळी यंत्र इथलं ऊन, वारा, गर्दी, उघडी दुकानं बघतं, आणि या बाई आज काय करतील ते मांडतं. संध्याकाळी सात उत्तरं येतात. अंगाने कोणी चालत नाही. नकाशावर चालतं."

"तिची परवानगी?"

तांबोळींनी अर्ज पुढे सरकवला. 'माझ्या पश्चात माझा नमुना वापरावा किंवा कसे' या ओळीपुढे आईच्या उभ्या अक्षरात लिहिलं होतं : वापरा. बसून तरी काय कराचं.

ओवीला हसू आवरेना. मग तिने चष्मा काढून पुसला.

"पण तशी दुसरी बाई मिळू नये? सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या, एकट्या हिंडणाऱ्या बायका काय कमी आहेत?"

"एक्केचाळीस हजार आहेत. तेवढ्यांचा भार तुमच्या आईंवर आहे. बत्तीस जणींना आम्ही गुंड्या लावून पाहिल्या. काय खटकलं असं विचारलं की बत्तीस जणी म्हणाल्या, 'काही नाही हो, सगळं छान आहे, आमच्यासाठी कशाला त्रास घेता.' पाय सुजलेले, गुंडी आम्हाला दाखवतेय, आणि बाई म्हणतात छान आहे. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईने तक्रार करायची नसते, हे त्यांच्या हाडात बसलंय. तुमच्या आईंचं पहिल्या दिवशीचं उत्तर होतं, 'पायऱ्या माणसांसाठी बांधल्या की उंटांसाठी?' असं शीत आम्ही सोडू?"

त्यांनी भिंतीवर एक वक्ररेषा उजळवली. राखेच्या आधीची पातळी शंभर धरली तर लुंदेरा तेव्हा तेहतिसावर अडकलेलं होतं. बाक आले, पायऱ्या बुटक्या झाल्या, चहा उकळला, आणि रेषा उठली. आता ती एकशे अठरावर होती. पुढे आणखी चौदा बेटांनी ऐंशी पावलांचा नियम उचलला होता.

"मग मला कशाला बोलावलंत? सगळं चांगलंच चाललंय."

"त्या परत जायला तयार नाहीत," तांबोळी म्हणाल्या.

तेवढ्यात ओवीचा फोन वाजला. घरून. "मिक्सरच्या लहान भांड्याचं झाकण कुठंय?" अमोघ विचारत होता. "ओट्याखाली, दुसरा कप्पा, डाव्या हाताला," ती म्हणाली, आणि फोन ठेवून ओशाळं हसली.

तांबोळींच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र गेलं होतं. "हेच. शिताच्या आकड्यांत आम्ही एक राशी मोजतो, तिला म्हणतो घरओढ. माणूस परतीची वाट किती जोरात धरतो, ते. घरून फोन आला की ती वाढते. ही तुमच्या आईंची नऊ वर्षं."

सपाट रेषेवर तीन उंच सुळके होते. पहिल्याची तारीख ओवीने लगेच ओळखली, तिच्या स्वतःच्या शस्त्रक्रियेचा आठवडा. दुसऱ्या वेळी दुकान हलवलं होतं. तिसरा सुळका सगळ्यांत उंच होता, आणि त्याचं कारण आठवायला तिला वेळ लागला. कारण काही नव्हतंच. रविवार होता, दुपार होती. "कंटाळा आलाय गं, तू कधी येतेस?" एवढंच ती बोलली होती. आई लुंदेराला होती. नऊ दिवसांची सहल चौथ्या दिवशी मोडून ती पहाटेच्या बोटीने निघाली. बेटाची पलीकडची बाजू पाहायची राहिली. त्यानंतर ती कुठे गेली नाही.

"गेली तीन वर्षं घरून फोन नाही," तांबोळी सावकाश म्हणाल्या. "घरओढ उतरत उतरत शून्यावर आली. आधी दोन वर्षं त्या इतर बेटांवर हिंडून यायच्या. गेल्या वर्षी इथे आल्या त्या आल्याच. आणि नियम असा आहे, जो वर्षाच्या आत परत जातो तो पर्यटक. त्यापुढे राहिला तर तो रहिवासी, आमच्या मोजणीतून बाद. आज तीनशे पासष्टावा दिवस. तीनच्या बोटीने त्या निघाल्या नाहीत, तर पूरक शीत बंद होईल."

टेबलावर एक साधा फोन ठेवलेला होता.

"तुमचा आवाज हवा. मोजणी चालू राहावी म्हणून. त्या बोलणार नाहीत, पण ऐकतील, आणि निघतील. मग पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं वर्ष. तुम्हाला रोज सात उत्तरं वाचायला पाठवता येतील, तशी सोय करते मी."

"आणि मी नाही केला फोन?"

"बसवलेले बाक कोणी उपटत नाही. पुढचे बसवायचे राहतील, नाही तर..." तांबोळी थांबल्या. "खरं सांगते. इथे येऊन या बाकांवर बसलेल्या बायका आता थोडंथोडं बोलायला लागल्यात. मागच्या महिन्यात कऱ्हाडच्या एक बाई म्हणाल्या, उशी उंच आहे. आम्ही कचेरीत पेढे वाटले."

"मग मला कशाची भीती घालताय?"

तांबोळींनी खालचा खण ओढला. तो पत्रांनी भरलेला होता. "या वयाच्या बायका पूर्वी इथे सरासरी सहा दिवस राहायच्या. आता एक्केचाळीस. सगळी गावं त्यांच्या बेताने सजलीत, आणि तो बेत आखलाय जिला घरून कोणी बोलवत नाही अशा बाईने. तुम्ही बोलावलंत, तर त्या बेतात परतीची वाटही येईल. रेषा चढली ती माणसं जास्त आली म्हणून कमी, आणि आलेल्या बायका गेल्या नाहीत म्हणून जास्त. ही त्यांच्या घरच्यांची पत्रं. प्रत्येकात एकच प्रश्न आहे."

ओवीने एकही पत्र उचललं नाही. "पलीकडची बाजू किती लांब आहे?" तिने विचारलं.

"तेवीस बाक."

आईचा ठिपका आणि कालची उत्तरं दाखवणारा नकाशाचा कागद घेऊन ती निघाली. वाट टेकडीला वळसा घालून जात होती. तेराव्या बाकावर दोन जपानी आज्या पाय सोडून बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली आणि संत्र्याची फोड पुढे केली. सोळाव्यावर एक बाई भर दुपारी तोंडावर पदर घेऊन झोपली होती, आणि तिला उठवणारं कोणी नव्हतं. विसाव्यानंतर वारा थांबला. तेविसाव्या बाकावर कोणी नव्हतं. नकाशावरचा ठिपका मात्र तिथेच होता, सकाळी नऊपासून.

ओवी बाकाच्या डाव्या टोकाला बसली, उजवीकडे दांडा असल्यामुळे ती जागा सोडून. मग तिने कालची उत्तरं वाचली.

आज काय आवडलं? — समुद्र इकडूनही तसाच आहे. पण ते समजायला इकडे यावं लागलं.

काय खटकलं? — चहात आलं जास्त. आणि तेविसाव्या बाकावर सावली नाही, लोकांना वाळवण समजले काय?

कोणाची आठवण आली? — पोरीची. तिला इथे बसवायला पाहिजे होतं. कामातून उठत नाही.

परत कधी निघणार? — माझ्या गाडीची घोषणा अजून झाली नाही.

शेवटचं उत्तर तिने दोनदा वाचलं. तेहतीस वर्षं आईने दुसऱ्यांच्या गाड्यांची वेळ सांगितली. आईच्या गाडीची घोषणा मात्र तिन्ही वेळा एकाच माणसाने केली होती.

खाली बोटीचा भोंगा वाजला. पहिला. मग दुसरा. ओवीने हात मांडीखाली घेतले, लहान मुलं घेतात तसे, आणि समुद्राकडे बघत राहिली. बोट धक्का सोडून भूशिराला वळसा घालून समोर आली, पांढरी, छोटी, आणि दिसेनाशी होईपर्यंत तिला बराच वेळ लागला. कागदावरचा ठिपका विझला.

काही वेळाने तांबोळींचा निरोप आला. "लुंदेराच्या लोकसंख्येत आज एकाची भर. रहिवासी म्हणून नोंद केली. पत्ता काय लिहू?"

"तेविसावा बाक," ओवीने कळवलं. "आणि तिथे सावली करा."

मग ती एकटीच खूप हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुसून झाल्यावर तिला जाणवलं की तिला भूक लागली आहे, पाय छान दमले आहेत, आणि वाट इथे संपत नाही. पुढे चोविसावा बाक होता.

उजव्या टोकाकडे सरकून ती उठली. दांडा हाताला नेमका आला. पंधरा पावलं गेली असेल, फोन वाजला. घर. आता कुठलं झाकण, कुठला डबा, की नुसतंच कधी येतेस. तिने तो हातात धरला. बोट परवा पुन्हा होती, तेरवाही होती.

पुढच्या बाकावर पोचलं की उचलू, असं तिने ठरवलं आणि सोळापासून पावलं मोजायला लागली. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी. फोन थांबला, आणि पुन्हा वाजायला लागला.

बाक आला होता. तिथून पुढचा दिसत होता.