सांभाळून ठेवलेलं बोलणं

डॉक्टरांनी सांगितलं ते सोपं होतं. हृदयाची झडप बदलायची, ऑपरेशन मोठं. तोवर आठवडाभर वॉर्डात पडून राहायचं आणि ताकद राखायची. चालणं नाही, चिडणं नाही, बोलणं तर जवळजवळ नाहीच. बाईंनी चौतीस वर्षं शाळेत तोंडाचा पट्टा चालवलेला. त्यांना ही शिक्षाच वाटली.

लेकीनं मात्र डॉक्टरांचा शब्द झेलला. भेटीची वेळ चार ते सहा. वॉचमन एका पेशंटमागे दोनच पास देई, त्यामुळे माणसं आळीपाळीनं वर येत. लेक प्रत्येकाला बजावे, "आईला बोलायला लावू नका हं. तुम्ही बोला, ती ऐकेल." मग दीर आपल्या गुडघ्यांचं पुराण लावत, नणंद सुनेची गाऱ्हाणी सांगे आणि बाई उशीला टेकून नुसत्या हसत. खरं सांगायचं तर त्यांना हे आवडू लागलं होतं. आपल्या माणसांचं बोलणं मध्येच न तोडता त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर एक म्हातारी बसलेली असे. पहिल्या दिवशी बाईंना वाटलं, नणंदेबरोबर आली असेल. नणंद गेली, ती बसूनच राहिली. चेहरा ओळखीचा, पण कुठला ते आठवेना. एकदा पाहिलेला चेहरा बाई विसरत नाहीत, असा त्यांचा लौकिक. आता 'तुम्ही कोण?' विचारायचं कोणत्या तोंडानं? दिरांना ती नणंदेकडची वाटे, नणंदेला दिरांकडची. सगळे तिच्याकडे बघून हसत आणि विषय तिथंच राही.

ती हळूहळू पाय चेपायची. बोटं गार. अंगाला खडूचा कोरडा वास.

"बोलू नकोस... दमशील," ती पुटपुटे. "सांगायचं ते माझ्याकडे ठेव. मी सांभाळते."

बाईंना सांगायचं होतं ते एकच. लेक पाचवीत त्यांच्याच वर्गात होती. कॉपी केली म्हणून सगळ्या वर्गासमोर त्यांनी तिच्या हातावर छड्या मारल्या होत्या. कॉपी दुसरीनं केल्याचं आठ दिवसांनी कळलं. बाई गप्प राहिल्या. आधी रुबाब आड आला, मग वर्षं उलटत गेली. आता ऑपरेशन झालं की निवांत सांगू, पोटभर माफी मागू, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठीच तर ताकद राखायची.

पण ताकद काही साठेना. दिवसेंदिवस हात जड होत चालले. चौथ्या दिवशी पाण्याचा पेलाही उचलवेना. म्हातारी मात्र ताठ बसू लागली होती. गालांवर तुकतुकी आली होती.

सहाव्या दिवशी दीर पुन्हा गुडघ्यांच्या पुराणावर आले. बाईंच्या ओठांवर टोमणा आला आणि त्यांनी तो गिळला. तोच टोमणा पायथ्याकडून ऐकू आला, शब्दन् शब्द. दीर खो खो हसले.

"वहिनी, तुमची जीभ काही थकायची नाही!"

ते बोलले स्टुलाकडे बघून.

बाईंनी मनाशी ठरवलं. आज विचारायचंच, मग उरलंसुरलं बळ संपलं तरी चालेल. लेक आणि मुलगा आत आले, दोघांच्या हातात एकेक पास. बाईंनी सगळा जीव एकवटला.

"ही... कोण गं?"

ओठ हलले. आवाज निघालाच नाही. लेक स्टुलापाशी वाकून म्हणाली, "आई, उद्या ऑपरेशन ना, सकाळी लवकर येते हं."

बाईंना रडावंसं वाटलं. तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

सकाळी वॉर्डबॉयनं त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. किती हलक्या झाल्यात, असं काहीसं तो म्हणाला. दाराशी त्यांनी मान वळवली. खाटेवर ती म्हातारी बसली होती, मनगटावर बाईंच्या नावाची पट्टी. लेक तिचे केस विंचरत होती.

"त्या दिवशी तू कॉपी केली नव्हतीस गं," खाटेवरून बाईंचाच आवाज आला. "मला नंतर कळलं होतं. चुकले मी."

फणी खाली पडली. लेकीचा हुंदका फुटला, लहानपणी फुटला होता तसाच.

बाईंना हायसं वाटलं. खरंच वाटलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं, सांगितलं कुणी का असेना. डोळे मिटायला लागले. वॉर्डाचं दार मागं लागलं आणि चाकांचा करकर आवाज तेवढा राहिला.

वळणावर वॉर्डबॉय थांबला. रिकाम्या कॉरिडॉरमध्ये त्यानं मागंपुढं पाहिलं, मग त्यांचं मोकळं मनगट उचलून उलटसुलट केलं.

"आजी," तो हलकेच म्हणाला, "तुमच्याबरोबर कुणीच नाही का?"