गप्पांच्या खुणा

डोंगरमाथ्यावरच्या तळ्याकाठी, खडकात एक पितळी पाटी बसवायची, एवढ्यासाठी आम्ही चौघे निघालो होतो. पाटीवर यांच्या नावाखाली तीन शब्द कोरलेले होते: साहसी, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल. हे गेल्यावर शब्द यांच्या मित्रमंडळींनी निवडले होते. पहिल्या दोहोंविषयी माझी तक्रार नव्हती. तिसरा खडकात ठोकला जाण्यापूर्वी मात्र, ज्याच्या ओढीने हा गृहस्थ जन्मभर भरल्या घरातून उठून जात असे, ते तळे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.

तिथे यांनी कोणाला नेले नाही? न्हाव्याला नेले, शिंप्याला नेले, आगगाडीत तासाभरापूर्वी ओळख झालेल्या जोडप्याला नेले. मला मात्र, "तू आलीस तर घर कोण बघणार?" आमच्या थोरल्याला एकदाच नेले आणि पायथ्याशी रडला म्हणून सामानाच्या गाडीत बसवून परत धाडले. आज पाटीची पिशवी त्याच थोरल्याच्या पाठीवर होती, आणि तो कोणाला तिला हात लावू देत नव्हता.

"आई, गुडघे काय म्हणतायत?" सुनेने विचारले.

"गुडघे माझे आहेत. तू तुझा दोर सांभाळ."

माझी सून व्यायामशाळेत भिंत चढायला शिकवते, म्हणून दोर तिच्याकडे. वाट दाखवायचे काम यांचे जुने मित्र असलेल्या दातांच्या डॉक्टरांकडे. यांच्याबरोबर सर्वांत जास्त वेळा तेच वर गेले होते. जंगल संपेपर्यंत ते रुबाबात पुढे चालले. मग झाडी विरळ झाली, ओढा मागे पडला, उघड्या कातळावरून गार वारा सुटला आणि पाहता पाहता धुक्याने डोंगर पुसून टाकला. वाटेला दोन फाटे फुटत होते. डॉक्टर थबकले.

"काय झालं, भावोजी?"

"वहिनी, खरं सांगू? वाट मी कधी बघितलीच नाही. तो पुढे बोलत असायचा, मी मागून ऐकत असायचो."

"इतकी वर्षं?"

"त्याचं बोलणंच तसं होतं हो!"

तेवढ्यात थोरला ओरडला, "बाबांच्या खुणा!" डाव्या फाट्यावर दगडांची एक रास होती: खाली रुंद, वर निमुळती, शेंड्यावर एक पांढरा गोटा. तशा राशी यांनी आमच्या अंगणातही रचल्या होत्या. पुढे धुक्यात दुसरी दिसत होती, तिच्यापुढे तिसरी. थोरल्याचा चेहरा असा उजळला, की जणू बापाने इतक्या वर्षांनी त्याला हाक मारली होती.

आम्ही राशींमागून निघालो. वाट अरुंद होत गेली. पायाखालची खडी सरकू लागली. उजवीकडे कडा, डावीकडे नुसते पांढरे धुके. सुनेने आम्हां सर्वांना दोरात घेतले. "अहो, जरा हळू!" ती नवऱ्याला म्हणाली. पण त्याला पुढची रास दिसली होती.

धुके क्षणभर फाटले. एक सपाट शिळा, तिच्याभोवती बसायला मांडलेले दगड, मधोमध काळी पडलेली चूल. तिच्यापलीकडे काहीच नव्हते.

"अरे!" डॉक्टर आनंदाने ओरडले. "इथे तर आम्ही चहा करायचो! वाट सोडून मुद्दाम यायचो, गप्पांना काय जागा आहे!"

तेव्हा मला उमगले. या खुणा वाटेच्या नव्हत्याच! जिथे जिथे यांची बैठक रंगली, तिथे तिथे यांनी दगड रचले होते!

"थांब!" मी ओरडले. उशीर झाला होता. कडेची शिळा कलंडली. थोरला दिसेनासा झाला! दोर ताणला गेला. सून मागे कोसळली, तिने टाचा रोवल्या. डॉक्टर तिच्या कमरेला मिठी मारून बसले. मी दोराचे टोक खडकाला वेढले आणि पालथी पडून खाली पाहिले. तो लोंबकळत होता. एक हात कपारीत, दुसरा पिशवीच्या पट्ट्यावर.

"पिशवी सोड!"

"आई, पाटी आहे त्यात!"

"सोड म्हणते ना!"

"बाबांची आहे!"

"तू माझा आहेस! सोड!"

त्याने सोडली. पितळ खडकावर आपटल्याचा आवाज पुष्कळ खालून आला. मग आम्ही ओढले. दोराने तळवे सोलले. त्याचे डोके वर आले, मग खांदे, मग तो सबंध आला आणि माझ्या मांडीवर तोंड खुपसून लहानपणी रडला होता तसाच रडला. या वेळी त्याला कोणी परत धाडले नाही.

उतरताना मी सुनेला सांगितले, "प्रत्येक रास पाड."

"वहिनी, नको! आठवण आहे ती त्याची," डॉक्टर कळवळले.

"आठवण घरात ठेवावी, भावोजी. वाटेवरची खूण खरीच असली पाहिजे. उद्या दुसऱ्या कोणाचा मुलगा यायचा."

सून लाथेने राशी मोडत चालली. डॉक्टर प्रत्येकीपाशी हळहळत. "इथे त्याने न्हाव्याची नक्कल केली, आम्ही गडबडा लोळलो." दगड घरंगळले. "इथे एका परक्या बाईचा पाय मुरगळला, तर तिच्यासाठी दोन दिवस थांबला. केवढं मोठं मन!"

"ते दोन दिवस माझ्या ध्यानात आहेत," मी म्हटले. "धाकटीला ताप होता."

फाट्याशी पोहोचलो तेव्हा धुके विरले होते. तळ्याकडे जाणारी खरी वाट उजवीकडे, सोपी, उन्हात पडलेली होती. थोरल्याचे मनगट सुजून टम्म झाले होते.

"आई, तुला तळं बघायचं होतं ना?"

"आता नाही. खाली चल, हात दाखवायचाय."

शेवटची रास उरली होती. डॉक्टर तिच्यापाशी चष्मा पुसत उभे राहिले. "इथे तुमचा विषय निघाला होता, वहिनी."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, ती आहे, म्हणून तर मी जाऊ शकतो."

ते माझ्याकडे अशा अपेक्षेने पाहत होते, की जणू त्यांनी माझ्या ओंजळीत दागिना ठेवला होता. मी सुनेला बाजूला केले. ही रास मी स्वतः उतरवली, एकेक दगड उचलून. तळाचा मात्र हलेना. थोरला दुसऱ्या बाजूने वाकला, त्याने धड हात त्याखाली घातला, आणि आम्ही दोघांनी तो उताराला लावला.