काळ्या कडेचा होल्डर

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

ज्याच्यावर हे गुदरलं तो धनराज माझा सख्खा धाकटा भाऊ. चंद्रपूरच्या शाळेत त्यानं चौतीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली. थाप मारायची म्हटली की त्याचे कान आधी लाल होतात. आणि तरीही या गोष्टीत तो दोनदा खोटं बोलला आहे.

भुतं रात्रीची येतात म्हणतात. इथे रात्र नव्हतीच. २०१९ सालचा उन्हाळा, भर दुपार, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.

तरी हे घडलं.

आमचं लहानपण अहेरीतलं. तिथे अयूबभाईंच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. सागवानी लाकडाचा मोठा कॅमेरा, पुढे पितळी भिंग, मधे हार्मोनियमसारखा भाता, मागे दुधी काच. मला पाहायला येणाऱ्यांना पाठवायचा फोटो त्याच मशीनवर निघाला. नवी साडी, हातात प्लास्टिकचं फूल. लहानग्या धनराजनं काळ्या कपड्याखाली डोकं घातलं, काचेवर मला पाहिलं आणि ओरडला, "ताई उलटी लटकली!"

मोठ्या कॅमेऱ्यात सगळं उलटंच दिसतं. डोकं खाली, पाय वर.

ते वेड त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यानं प्लायवूडचा एक कॅमेरा घरीच ठोकला. मोठी फिल्म परवडेना, म्हणून एक्स-रेची फिल्म कापून वापरू लागला. तिची एक सोय असते. ती लाल दिव्यात हाताळता येते. न्हाणीघरात लाल बल्ब लावून तो तासन् तास फिल्म धुवायचा. त्याची बायको रीता बाहेरून ओरडायची, "अहो, आंघोळ करू द्यान कोनाले!"

फेब्रुवारीत त्याला कळलं, वडिलांमागे अयूबभाईंकडे आलेलं ते मशीन विकायचं आहे.

तो त्याच दिवशी अहेरीला गेला.

अयूबभाईंना जाऊन दहा वर्षं झाली होती. स्टुडिओच्या जागी मुलाचं, मुबीनचं मोबाईलचं दुकान. मशीन मागच्या खोलीत होतं. अयूबभाईंच्या बायकोनं, खैरुनबाईंनी, त्यावर स्वतःची जुनी ओढणी पांघरली होती.

"मुबीन म्हनते, अम्मी, जागा अडते," त्या म्हणाल्या. "सर, तुमी लहानपनी इथीच खेळले. तुमाले देते. पन एक काम हाय."

त्यांनी एक लाकडी होल्डर पुढे केला. त्यात फिल्म बसवून कॅमेऱ्यात घालतात. त्याच्यावर एक सरकती पट्टी असते. पट्टीची एक कड पांढरी, दुसरी काळी. पांढरी वर असली तर फिल्म कोरी. काळी वर असली तर आत कुणाचा तरी फोटो आहे.

या होल्डरची काळी कड वर होती.

"एटापल्लीच्या बाजारात काढला होता," खैरुनबाई म्हणाल्या. "मंगरूची पोरगी, कमळा. सात वर्साची. हे तिले म्हनाले, सास रोक बेटा, मी बस म्हनतो तवर. घरी आले ते ताप घेऊनच. आठ दिवसांत गेले. पोरगी त्याच पावसाळ्यात गेली. तिचा दुसरा फोटो नाई, सर. मंगरू दर उन्हाळ्यात चारोळी विकायले येते. मले एक पुडकं देते. विचारते, बाई, झाला का गा फोटो?"

"दुसऱ्या कोणाकडे दिला नाही धुवायला?"

"कोनाच्या भरोशावर देऊ? तुमी आपले हाव."

धनराजनं होल्डर छातीशी धरला. "मी धुतो. तुम्ही निश्चिंत राहा."

मला वाटतं, ते वाक्य त्याला आजही ऐकू येत असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं न्हाणीघराचं दार लावलं. फटीत चिंधी कोंबली. औषधाचा ट्रे भरला. आणि रोजच्या सवयीनं हात वर करून…

लाल बल्ब लावला.

पट्टी सरकवली. फिल्म ट्रेमध्ये सोडली.

हळूहळू एक आकृती वर आली. बाकावर बसलेली मुलगी. निगेटिव्हच ती, म्हणून केस पांढरे, चेहरा काळा. दोन वेण्या. हनुवटी वर उचललेली. एक हात बाकावर, दुसऱ्याची मूठ घट्ट मिटलेली. छाती फुगवून श्वास रोखलेला.

धनराज हसला. "ये बाई, ये," म्हणाला.

आणि मग कडेकडून काळोख आत सरकला.

आधी बाक गेला. मग वेण्या. मग चेहरा.

पंधरा सेकंदांत सगळी फिल्म कोळशासारखी झाली.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. लाल दिवा फक्त एक्स-रेच्या फिल्मला दिसत नाही. अयूबभाईंची फिल्म साधी होती. तिला सगळे रंग दिसतात. ती ठार अंधारात, नुसत्या हातानं चाचपून धुवायची असते. हे त्याला पाठ होतं. पोरांना शिकवावं इतकं पाठ होतं.

दहा वर्षं त्या बाईनं जपलेली पोरगी त्यानं पंधरा सेकंदांत पुसली होती. जगात तिचा फोटो पाहिलेला माणूस तो एकटाच.

दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं फोन लावला.

"खैरुनबाई… फिल्म कोरीच निघाली."

"कोरी?"

"अयूबभाई आजारी होते ना. गडबडीत फिल्म बसवायची राहिली असेल."



"हाव," त्या म्हणाल्या. "आजारी त होते."

फिल्म बसवायचीच राहिली, तर मग कोरी निघाली ती कोणती, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांचा त्याच्यावर विश्वास होता.

आठवडाभरानं पहिली गोष्ट घडली.

तो रिकामा होल्डर त्यानं पुसून कपाटात ठेवला होता. पांढरी कड वर.

सकाळी उघडलं तर… काळी कड वर.

त्यानं पट्टी काढून उलटी बसवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळी. त्यानं कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली.

पुन्हा काळी.

जणू कोणी सांगत होतं, यात फोटो आहे.

त्यानं कोणाला सांगितलं नाही. मार्च गेला. एप्रिलच्या एका दुपारी रीता म्हणाली, "एवढं मोठं धूड आनलं, माहा एक फोटो त काढा. का मी दिसाले वाईट हाव?"

त्यानं मशीन व्हरांड्यात लावलं. रीता बाकाच्या मधोमध बसली. तो काळ्या कपड्याखाली शिरला.

दुधी काचेवर रीता उलटी. पाय वर, डोकं खाली. बाक उलटा, भिंत उलटी.

आणि रीताच्या शेजारी…

दोन लहान पावलं. खाली.

काचेच्या खालच्या कडेला टेकलेली. बोटांवर धूळ. त्यावर फ्रॉकची किनार. त्याच्या वर पाहायची त्याची हिंमत झाली नाही.

सगळं जग उलटं होतं. ती एकटी सुलटी होती.

त्यानं कपडा फेकला. समोर रीता एकटीच बसली होती, पदर सारखा करत.

"काय झालं? भूत पायलं का?" ती हसली.

त्यानं कसाबसा फोटो घेतला. धुतला. त्यात रीता एकटीच होती. पण ती बाकाच्या अगदी टोकाला, अंग चोरून बसलेली. उरलेला बाक मोकळा.

रीतानं फोटो उजेडात धरून दोनदा पाहिला.

"मी त मधातच बसली होती ना हो?"

एप्रिल संपता संपता खैरुनबाईंचा फोन आला. आवाज बसलेला.

"सर, मंगरू येऊन गेला. मी सांगतलं, फोटो नाई निघाला. चारोळीचं पुडकं ठेवलं होतं त्यानं. ते उचललं, म्हनाला, अयूबभाईनं माह्या पोरीले रिकाम्या डब्बीसमोर बसवलं. गेला." त्या रडत होत्या. "सर, आठवून सांगा. एखादा डाग तरी होता का फिल्मवर? एखादी रेघ? मी त्याले दाखवली असती."

सांगायची ती वेळ होती.

"नाही, खैरुनबाई. काहीच नव्हतं."

फोन ठेवला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. रीता झोपलेली. पंखा बंद, वीज गेलेली. व्हरांड्यात ते मशीन काळा कपडा पांघरून उभं.

आणि त्या कपड्याखालून…

कोणीतरी श्वास आत घेतला.

लहान मुलं पाण्यात बुडी मारायच्या आधी घेतात तसा. खोल.

धनराज थांबला. आत घेतलेला श्वास बाहेर यायची वाट पाहू लागला.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

तो श्वास बाहेर आलाच नाही.

त्यानं तीनदा "बस" म्हणून पाहिलं. हात जोडून, मोठ्यानं. काही झालं नाही. तिला श्वास रोखायला सांगणारा तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मशीन घेऊन तो अहेरीला निघाला.

खैरुनबाईंना त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्या ओट्यावर बसल्या. मुबीन काही बोलायला गेला तर त्याला हातानंच गप्प केलं.

"दोन महिने, सर," त्या म्हणाल्या. "दोन महिने मी कबरीवर गेली नाई. बोलली नाई त्यांच्यासंगं. म्हटलं, काऊन फसवलं गरिबाले? अन् हे बिचारे तिथी…"

त्या उठल्या, चप्पल घातली. "चला. मले बी येऊ द्या. मंगरूच्या समोर मले ऐकाचं हाय."

एटापल्लीच्या पुढे, डांबर संपल्यावर अजून बरंच आत मंगरूचं गाव. मंगरू मोहाच्या झाडाखाली कोयत्यानं बांबूच्या कांब्या तासत होता. साठीचा, किडकिडीत. खैरुनबाईंना पाहून उठला नाही.

धनराजनं सांगितलं. लाल दिव्याचं, पहिल्या खोट्याचं, दुसऱ्या खोट्याचं. कोयता चालत होता. मधेच थांबला.

"तुले दिसली होती?" मंगरूनं विचारलं.

"दिसली. एवढासाच वेळ."

"कशी होती गा?"

"दोन वेण्या. हनुवटी वर केलेली. एक मूठ मिटलेली."

मंगरूनं मान हलवली. "चारोळ्या होत्या मुठीत. खाऊन राह्यली होती. मी म्हटलं, फोटो होईपर्यंत राहू दे." मग खैरुनबाईंकडे वळला. "बाई, तुह्या मानसाले मी लय शिव्या देल्ल्या. गावभर देल्ल्या. आता वापस कशा घेऊ?"

खैरुनबाई खाली मातीत बसल्या. कोंबड्या कचऱ्यात टोचत होत्या.

"लाव मशीन," मंगरू एकदम म्हणाला.

"मंगरूभाऊ, त्यात आता काही नाही…"

"तू दोनदा तेच म्हनला. लाव."

धनराजनं तिपाई मांडली. भाता ओढला. समोर झोपडी, अंगण, कुडाचं कुंपण. माणूस कोणी नाही. मंगरू कपड्याखाली गेला.

किती वेळ, ते धनराजला सांगता येत नाही. सावली कोयत्यावरून सरकली एवढं त्याला आठवतं. कपड्याखालून मंगरूचा आवाज येत होता. गोंडीत, हळू. मधेमधे तो थांबायचा, कोणी उत्तर देत असल्यासारखा. मग पुन्हा बोलायचा.

बाहेर आला तेव्हा चेहरा ओला होता.

"मोठी झाली," तो म्हणाला. "लय मोठी झाली. मायसारखी दिसते."

खैरुनबाईंनी पदर तोंडाला लावला.

कॅमेऱ्याचं भिंग अंगणाकडे होतं. अंगण मोकळं होतं, उन्हानं पांढरं पडलेलं.

मंगरूनं कपड्याचं टोक उचलून त्याच्यापुढे धरलं.

"पाह."

धनराजनं मान हलवली. त्याच्याच्यानं झालं नाही.

मंगरूनं कपडा खाली सोडला. आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती.

"नको पाहू. ते त तुलेच पाहून राह्यली. मघापासून."

मशीन तिथेच राहिलं. मंगरूनं मागितलं नाही, धनराजनं उचललं नाही. परतताना खैरुनबाई अहेरीला उतरल्या आणि घरी न जाता तशाच कबरस्तानाकडे चालू लागल्या.

त्यानंतर धनराजनं एकही फोटो काढलेला नाही. एटापल्लीकडे तो पुन्हा गेला नाही. रीता त्याला त्याबद्दल काही विचारत नाही.

माझ्याकडे येतो अधूनमधून. चहा घेतो. बोलता बोलता समोरच्या मोकळ्या जागेकडे पाहत राहतो. मग दर वेळी हेच म्हणतो.

"ताई, तेव्हा पाहायला पाहिजे होतं गं. ती माझ्याकडे कशा नजरेनं पाहत होती… एवढं तरी कळलं असतं."