फुटक्या दुकानातली वीस मिनिटं

ती खरं तर शेजारच्या घड्याळवाल्याकडे निघाली होती. त्याच्या दुकानाला कुलूप दिसलं म्हणून चौकशीला तिने बाजूच्या दुकानाचं दार ढकललं, आणि आतून आवाज आला, "हलू नका..."

ती दारातच थबकली. आत टेबलाशी एक तरुण बसला होता. दोन्ही हातांत चिनीमातीची किटली, आणि किटलीची तोटी त्याने अशी दाबून धरली होती, जणू ती पळूनच जाणार होती.

"तुम्हाला नाही, तोटीला म्हणालो," तो म्हणाला. "आत्ताच चिकटवलीय. वीस मिनिटं धरून बसावं लागतं. अकरा झालीत. पण... एक विनंती आहे. चष्मा घसरतोय माझा. जरा वर कराल?"

ओळख ना पाळख, आणि परक्या माणसाचा चष्मा वर करायचा. पण चष्मा आता नाकाच्या अगदी शेंड्यावर आला होता, आणि त्याच्या मागचे डोळे हसत होते. तिने दोन बोटांनी चष्मा वर सरकवला. बोटांना खडूसारखी पांढरी पूड लागली, ती तिने पुसली नाही.

"याला काय म्हणता तुम्ही? हे जे करताय त्याला?" तिने विचारलं.

"वैताग."

तिने पिशवीतून कार्ड काढलं आणि ते लिहून घेतलं. तो बघतच राहिला. मग तिने सांगून टाकलं, की ती शब्दकोशाच्या कार्यालयात कामाला आहे, आणि सध्या तिच्याकडे मोडलेलं नीट करण्याच्या शब्दांचा विभाग आहे.

"मग लिहा, सांधतोय," तो म्हणाला. "डागडुजी घराची करतात. रफू कपड्याला करतात. दुरुस्ती यंत्राची. तुकडे खूप असले तर आधी जुळवायचं, मग सांधायचं."

"आणि पुनर्रचना?"

"ती साहेबलोक करतात. झाल्यावर कुणालाच काही सापडत नाही."

ती खळखळून हसली, आणि तोटी मिलिमीटरभर सरकली. वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली. दोघांपैकी कुणीही तक्रार केली नाही.

कोशातली पद्धत मोठी कडक. मुख्य संपादक, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, त्यांचा नियमच होता: शब्द पुस्तकातून उचलायचा नाही, माणसाच्या तोंडून ऐकायचा. कार्डावर शब्द, वाक्य, कोण बोललं, तारीख, आणि शेवटी प्रसंग. प्रसंग खरा लिहायचा, काही लपवायचं नाही. मुलगी कामाला प्रामाणिक होती, आणि त्या प्रामाणिकपणानेच पुढे तिचा घात केला.

कारण ती पुन्हा गेली. बशी घेऊन. मग दुसरी बशी घेऊन. नीट केलेल्या प्रत्येक वस्तूला दुरुस्तीवाला आपल्या हस्ताक्षरातली चिठ्ठी बांधायचा, काय केलं ते खरं खरं सांगणारी. 'काठ सांधला. टवका उडाला होता तिथे भर घातली. गळणार नाही, पण पुन्हा आपटू नये.'

घरी आत्या हैराण झाली. "अगं, आपल्या घरात रोज भूकंप होतो आणि मला कसा कळत नाही?"

दीड महिन्यात दुरुस्तीवाल्याला मात्र सगळं कळलं होतं. एक दिवस त्याने बशीचे तुकडे उजेडात धरले.

"पडलेली बशी काठाला फुटते. ही मधोमध फुटलीय. आणि ही हातोडीची खूण."

"हातोडीवरच पडली ती," ती म्हणाली, आणि कानांपर्यंत लाल झाली.  त्याने फक्त चिठ्ठीवर लिहिलं, 'हातोडी उंचावर ठेवावी.'

असं सगळं छान चाललेलं असताना बाईंनी फर्मावलं, की शुक्रवारी विभाग बंद. सोमवारपासून तिने दूरच्या बंदरावर जायचं, होड्यांचे शब्द गोळा करायला. दोन वर्षं.  आता फोडायला कारण नाही, जायला निमित्त नाही, आणि मनातलं बोलायची तर हिंमतच नाही.

गुरुवारी ती कार्डांचा खोका आणि शेवटचं म्हणून फोडलेलं आत्याच्या किटलीचं झाकण घेऊन निरोप घ्यायला गेली. "मी... म्हणजे सोमवारपासून..." म्हणता म्हणता कोपर लागलं आणि दोनशे कार्डं जमिनीवर, वस्तू बांधायच्या भुशात पसरली. तेवढ्यात बाईंचा फोन, ताबडतोब या.

"जा तुम्ही," दुरुस्तीवाला म्हणाला. "जुळवणं माझंच काम आहे. सकाळी न्या."

ती धावत सुटली. बसमध्ये बसल्यावर तिला आठवलं, प्रत्येक कार्डावर 'प्रसंग' आहे. 'भर घालणे. बोलताना हसला. डाव्या गालावर खळी पडते.' 'टवका. निळा सदरा. निळा रंग त्याला फार शोभतो.' 'झाळणे, म्हणजे धातूचं भांडं सांधणे. आज माझ्याकडे बघितलंच नाही, दिवस वाया गेला.' असली दोनशे कार्डं. बस थांबवून खाली उडी मारावी असं तिला वाटलं, पण दार बंद होतं.

सकाळी ती गेली तेव्हा दुरुस्तीवाला टेबलाशी बसला होता. दोन्ही हातांत आत्याच्या किटलीचं झाकण. मान वर न करताच त्याने खोक्याकडे खूण केली. खोक्याला चिठ्ठी बांधलेली होती.

'कार्डं जुळवली. क्रम अकारविल्हे नाही, तारखेने लावला. तसा लावल्यावर वाचायला जास्त बरं वाटलं. शेवटी एक कमी वाटलं, भर घातली आहे.'

शेवटचं कार्ड त्याच्या अक्षरात होतं. शब्दाची जागा कोरी. वाक्य: 'घरात फोडायला काही उरलं नसेल, तर रिकाम्या हातांनी या.' प्रसंग: 'लिहिताना हात थरथरत होता. या धंद्यात हे चालत नाही.'

तिने ते तीनदा वाचलं. डोळे भरून आले, आणि तरीही ती कोशातलीच मुलगी होती.

"हे नाही चालणार," ती म्हणाली. "लिहिलेलं आम्ही घेत नाही. तोंडून ऐकावं लागतं."

दुरुस्तीवाल्याचा चष्मा घसरू लागला. हात अडकलेले, पळायला वाट नाही.

"मला... तुम्ही आवडता," तो म्हणाला. "पहिल्या वीस मिनिटांपासून. ती तोटी केव्हाच चिकटली होती."

तिने चष्मा वर सरकवला. बोटं मात्र परत घेतली नाहीत, झाकणावर त्याच्या बोटांशेजारी ठेवली.

"मी बंदरावर चाललेय. दोन वर्षं."

"होड्या फुटतात का?"

"फुटतात की."

"मग तिथे यायला माझं काय अडलं?" तो म्हणाला.

 मग तिने हळूच विचारलं, "किती मिनिटं राहिलीत?"

"झाकण तर तू यायच्या आधीच सुकलं होतं," दुरुस्तीवाला म्हणाला, आणि दोघंही ते तसंच धरून बसली.